सोबत बसणारा माणूस

सौदीत एखाद्या कामगाराला काढून टाकायला किती वेळ लागतो, असं नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, गुरुवारपर्यंत. शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आमच्याकडे सगळी वाईट कामं गुरुवारपर्यंत उरकायची. एकदा मात्र याच कामाला अडीच महिने लागले, ते एका माणसामुळे.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. संबंधित व्यक्तीची लेखी संमती आहे का, असं विचारतील.

कंपनी इंग्रजांची होती, ऑफिस दम्मामला आणि काम रास अल खैरला. तिथल्या कारखान्यांत दुरुस्तीसाठी स्कॅफोल्डिंग, म्हणजे लोखंडी परांच्या बांधून द्यायच्या. मी मनुष्यबळ विभागात सहायक होते आणि ते माझे साहेब. कागदोपत्री साहेब ते नव्हतेच. इथल्या कायद्याने या विभागाचा प्रमुख सौदी माणूसच असावा लागतो, म्हणून त्या खुर्चीवर फहद नावाचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता. तो दुपारी तीनला गाडीची किल्ली बोटात फिरवायला लागायचा. आमच्या माणसाच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, 'तांत्रिक सल्लागार' असं होतं. तंत्रातलं त्यांना इतकंच यायचं की प्रिंटर अडकला की त्याच्याशी नम्रपणे बोलायचं.

ते मूळचे म्हसळ्याकडचे. तरुणपणी इंग्लंडला गेले, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि तिथल्याच पर्सोनेल खात्यात पोहोचले. बायकोला मक्केच्या हरम मशिदीजवळ राहायचं होतं म्हणून सौदीत नोकरी धरली. दम्मामहून मक्का बाराशे किलोमीटर आहे, हे त्यांना ऑफर स्वीकारल्यावर कळलं. सही झाली होती, त्यामुळे ते आले.

इंग्लंड सुटलं तरी इंग्लंडचा कामगार कायदा त्यांनी सोडला नाही. तिकडे नवे नियम बहुतेक एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये लागू होतात, म्हणून हे दोन महिने त्यांचे सणाचे. त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती. नियम लागू व्हायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, जुन्या पानांवर पट्टीने तिरकी रेघ मारायचे, खाली तारीख घालायचे, नवी पानं लावायचे आणि सगळ्या ऑफिसला खजूर वाटायचे. बाळंतपणाच्या रजेत तिकडे काही बदललं की त्यांचा चेहरा दिवसभर उजळलेला. आमच्या साइटवर बाळंत होण्यासारखं कुणीही नव्हतं. फाइल घरी नेताना ते ती गाडीत शेजारच्या सीटवर ठेवायचे आणि तिला पट्टा लावायचे. वजनामुळे गाडी टिकटिक करते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"हे इथं लागू नाही ना?" मी एकदा विचारलं.

"नाही."

"मग?"

"लागू नाही म्हणजे मना आहे असं नाही, पोरी."

साइटवरची माणसं त्यांना प्रोसिजरचाचा म्हणायची. ते मात्र प्रत्येकाला 'मिस्टर' लावायचे. चहा देणारा केरळचा बशीर महिन्यातून दोनदा भांडायचा आणि ट्रे आपटून ओरडायचा, "खलास! मैं जाता!" रागाच्या भरात दिलेला राजीनामा लगेच धरायचा नसतो, असा त्यांच्या फाइलीत नियम होता. म्हणून ते बशीरला पत्र द्यायचे की आपलं आजचं बोलणं आम्ही राजीनामा मानत नाही, आपण दोन दिवस शांतपणे विचार करावा. बशीर पत्र घडी करून खिशात ठेवायचा आणि चहा द्यायचा. अशी एकवीस पत्रं त्याच्याकडे होती. गावी दाखवायला न्यायची म्हणायचा, कंपनी मला सोडायला तयारच नाही.

एकदा त्यांना ताप आला आणि ते दोन दिवस घरी राहिले. आजारातून परतलेल्या माणसाशी वरिष्ठाने बोलायचं, हाही एक नियम. त्यांचा वरिष्ठ जेद्दाला, फोन न उचलणारा. मग त्यांनी माझ्यासमोर प्रश्नांचा कागद ठेवला आणि स्वतः समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. मला नोकरीला लागून पंधरा दिवस झाले होते.

"आपल्या आजाराला कामाच्या जागेतलं काही कारणीभूत आहे असं आपल्याला वाटतं का?" मी वाचलं.

ते विचारात पडले. "हो. एसीचा झोत थेट माझ्या मानेवर येतो."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, उठले, टेबलाच्या या बाजूला आले, तो कागद हातात घेऊन वाचला, दोनदा मान हलवली आणि बशीरला बोलावून आपलं टेबल सरकवून घेतलं. नऊ वर्षं ते त्या झोताखाली बसले होते.

मला हे सगळं ढोंग वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. माझे वडील खेडजवळच्या औद्योगिक वसाहतीत युनियनची पत्रकं लिहायचे आणि शाळेच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. मालक हा शब्द मी मुळाक्षरांबरोबर शिकले. आई दम्मामच्या इस्पितळात नर्स, म्हणून मी इकडे आले. पण डोक्यात पत्रकंच होती. मनुष्यबळ विभागात मी पगारासाठी होते आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला मी शत्रू समजायचे, मला स्वतःला धरून.

"तुमची प्रोसिजर म्हणजे गळा कापण्याआधी टॉवेल लावणं आहे," मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं.

त्यांना राग आला नाही. "टॉवेल लावायला वेळ लागतो," ते म्हणाले. "तेवढ्यात कापणाऱ्याला दुसरं काम निघतं कधी कधी."

हे उत्तर मला तेव्हा अत्यंत भित्रं वाटलं होतं.

इस्माईलभाईंचं प्रकरण नोव्हेंबरात सुरू झालं. इस्माईलभाई दापोलीकडचे, स्कॅफोल्डिंग तपासणारे इन्स्पेक्टर. बांधलेली परांची तपासायची आणि ठीक असेल तर हिरवी पाटी लावायची, नसेल तर लाल. लाल पाटी असेपर्यंत तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. रास अल खैरची जमीन मिठाची, वरून कडक आणि आत ओली. तिला सबखा म्हणतात. एका उंच परांचीचा एक पाय त्या जमिनीत चार बोटं खचला होता. इस्माईलभाईंनी लाल पाटी लावली. फोरमन म्हणाला, हिरवी कर. ते नाही म्हणाले. मग प्रोजेक्ट मॅनेजर कॉलिन स्वतः आला आणि म्हणाला, हिरवी कर, हा हुकूम आहे. इस्माईलभाईंनी हिरव्या पाट्यांचा गठ्ठा खिशात घातला आणि ते जाऊन बसमध्ये बसले. दीड दिवस काम बंद पडलं.

कॉलिन यॉर्कशायरचा. त्याला इस्माईलभाई गुरुवारी, नोटीस न देता, बाहेर हवे होते.

बाहेर म्हणजे फायनल एक्झिट. तो शिक्का लागला की देश सोडायला फार तर दोन महिने, बायकोमुलांनाही. आणि इस्माईलभाईंची मुलगी सानिया दम्मामच्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबरात शिक्का लागला तर जानेवारीत विमान. परीक्षेचा फॉर्म, केंद्र, हॉल तिकीट सगळं इथलं, वर्ष गेलंच. इस्माईलभाई ऑफिसात येऊन एवढंच म्हणाले, "माझं काय, चाचा, मी कुठेही नट कसेन. पोरीची दहावी तेवढी होऊ द्या."

साहेबांनी फाइल उघडली.

आमच्या प्रत्येक करारात एक ओळ होती: शिस्तभंगाची कारवाई कंपनीच्या हँडबुकाप्रमाणे होईल. इंग्लंडमध्ये कुणीतरी मुख्य कार्यालयात ती सवयीने चिकटवलेली, आणि हँडबुक तिकडच्या कायद्यावर बेतलेलं. आधी चौकशी, मग लेखी बोलावणं, मग सुनावणी, मग लेखी निर्णय, मग अपील.

कॉलिन दम्मामला आला तो टेबलावर मूठ आपटतच. "हे सौदी आहे, दोस्त! या कटकटीतून सुटायला तर मी इथे आलो!"

"ओळ आपल्याच कार्यालयाची आहे, मिस्टर कॉलिन," ते म्हणाले.

"फहद, तू एक्झिटचं बटण दाब. सिस्टीममध्ये तुझं नाव आहे."

फहदने किल्ली फिरवायची थांबवली. "तेच तर," तो म्हणाला. "उद्या लेबर कोर्टात फाइल गेली तर जज करार वाचेल. नाव माझं असेल. फाइल पुरी होऊ दे."

चौकशी माझ्याकडे आली. मी साइटवर जाऊन फोटो काढले. तोवर परांचीच्या पायाखाली नवं फळकूट बसवलं होतं आणि वर हिरवी पाटी डोलत होती. फळकूट कधी बसवलं, विचारलं तर फोरमन म्हणाला, "ऐसे ही." मी संतापून रात्रभर बसून मुख्य कार्यालयाला पाठवायचं एक जळजळीत पत्र लिहिलं. शोषण हा शब्द त्यात सहा वेळा होता. सकाळी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"चांगलं लिहितेस. फळकूट कोणत्या तारखेला बसवलं, ते कुठे आहे यात?"

ते नव्हतं. मी पुन्हा साइटवर गेले आणि गोदामाच्या वहीतून तारीख आणली. लाल पाटीच्या दुसऱ्या दिवशीची.

मग इस्माईलभाईंना बोलावणं गेलं. सोबत एक फॉर्म असायचा: सुनावणीला आपण कंपनीतील आपल्या विश्वासातील कोणत्याही सहकाऱ्यास सोबत आणू शकता. हा त्यांचा आवडता नियम. सोबत्याने शेजारी बसायचं, हवं तर कामगाराची बाजू मांडायची, बाजूला नेऊन सल्ला द्यायचा; फक्त कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायचं नाही. नऊ वर्षांत त्या रकान्यात माणसांनी रूममेटचं नाव लिहिलं होतं, मेसच्या आचाऱ्याचं लिहिलं होतं, एकाने चुकून आपल्या बापाचं लिहिलं होतं.

इस्माईलभाईंनी भरलेला फॉर्म त्यांनी वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मिस्टर इस्माईल, इथे माझं नाव आहे."

"हो, चाचा."

"सुनावणी मी घेणार आहे."

"पण कागदावर लिहिलंय, कंपनीतला कोणीही, ज्याच्यावर विश्वास आहे. माझा दुसऱ्या कुणावर नाही. खोटं कसं लिहू?"

तो फॉर्म त्यांनीच बनवला होता. 'सुनावणी घेणारा सोडून' एवढं घालायला ते विसरले होते. नऊ वर्षांतली त्यांची एवढी एक चूक मला माहीत आहे. दुसरा कोणी असता तर फॉर्म बदलून आणायला सांगितलं असतं. ते उठून फहदच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "मिस्टर फहद, अध्यक्ष आपण. मला त्या बाजूला बसावं लागेल."

"यल्ला," फहद म्हणाला. तीन वाजत आले होते. काय कबूल केलं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

सुनावणीच्या सकाळी पत्र आलं की सोबती हजर राहू शकत नाही, वैद्यकीय कारण आहे, आणि नियमाप्रमाणे पाच कामाच्या दिवसांच्या आतली दुसरी तारीख मिळावी. सोबती दुपारी ऑफिसात आले ते गालात कापूस धरून.

"दाढ काढली?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"फार दुखत होती?"

त्यांनी कागदावर लिहिलं: नाही.

"मग का काढली?"

त्यांनी खाली लिहिलं: फॉर्मवर खरं कारण लागतं.

मग त्यांनी तो कागद परत घेतला आणि बारीक फाडला.

नव्या तारखेला आम्ही त्यांच्या गाडीतून रास अल खैरला निघालो. फाइल पुढे पट्टा लावून, मी मागे. वाटेत मी विचारलं, सोबत बसण्याचं एवढं काय आहे?

"बिस्किटांच्या कारखान्यात मी नवा होतो. तुटकी बिस्किटं खिशात घालतो असा आरोप आला. सुपरवायझर म्हणाला, कुणाला सोबत आणणार? माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. पॅकिंगवरची एक बाई, वयस्क, माझ्याशी कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, मी बसते. पेपरमिंट चघळत तासभर बसली. एक शब्द बोलली नाही."

"आणि तुम्ही निर्दोष सुटलात."

"छे. लेखी ताकीद मिळाली. बिस्किटं मी खाल्ली होती ना."

सुनावणी पोर्टाकॅबिनमध्ये झाली. एका बाजूला फहद आणि कॉलिन, समोर इस्माईलभाई आणि ते, कोपऱ्यात मी टिपणं घ्यायला. फहद पाठ करून आल्यासारखा बोलत होता, पण बोलत होता. त्याने विचारलं, "तुम्हाला हुकूम दिला होता. तुम्ही तो का मानला नाही?"

इस्माईलभाईंनी सोबत्याकडे बघितलं. आमच्या माणसाला उत्तर येत होतं. फोटो, वही, तारीख, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि ओठ मिटून घेतले. मी टिपणात लिहिलं: अकरा बेचाळीस, शांतता. अकरा चव्वेचाळीस, शांतता. कॉलिन हसला.

मग ते म्हणाले, "आम्हाला दहा मिनिटं बाहेर जायचं आहे. नियमात आहे."

बाहेर काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, गोपनीय. इस्माईलभाईंनी सांगितलं. "काही नाही, गो. पाण्याची बाटली दिली. म्हणाले, वर कोण चढणार होतं, त्यांची नावं आठवतात का? बस."

आत येऊन इस्माईलभाईंनी हिंदीत अकरा नावं सांगितली. चार बिहारचे, तीन नेपाळचे, दोन बंगाली, एक तमिळ, एक आपल्या मंडणगडचा. "ये लोग ऊपर जाने वाले थे," ते म्हणाले. "पैर नीचे बैठ गया था. मैं हरा कैसे लगाऊँ?"

फहदने फोरमनला बोलावून विचारलं, परांची ठीक होती तर दुसऱ्या दिवशी फळकूट का बसवलं? फोरमन म्हणाला, ऐसे ही. फहदने मला ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं.

हे सगळं होऊनही निर्णय विरोधातच गेला. कॉलिनने जेद्दाला फोन केले, जेद्दाने फहदला. लेखी निर्णय नाताळच्या दिवशी निघाला. मी रडले, खरं तर किंचाळले, की तुमची प्रोसिजर हरली. ते कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत होते. अपिलाला पाच कामाचे दिवस. अपील ऐकणारे संचालक इंग्लंडात, आणि तिकडे नाताळापासून नव्या वर्षापर्यंत कुणी फोनसुद्धा उचलत नाही. अपिलाची तारीख लागली अठरा जानेवारीची. त्या दिवशी सोबत्याला पुन्हा वैद्यकीय कारण निघालं, डाव्या बाजूचं. संचालकांनी पंचवीसला व्हिडिओवर ऐकलं, एक फेब्रुवारीला नामंजूर केलं. त्याच दिवशी शिक्का लागला. तिथून दोन महिने.

मी कॅलेंडर बघितलं. मार्चचा शेवट. मी त्यांच्याकडे बघितलं. ते सूप पीत होते, कारण त्यांना दुसरं काही चावता येत नव्हतं.

इस्माईलभाईंची नोकरी वाचली नाही, हे मला आजही सलतं आणि सललंच पाहिजे. अकरा माणसं वाचवणारा माणूस गेला आणि फोरमन अजून तिथे आहे. त्यांना मी हे म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. लिही. तारखा घालून लिही." पुढे मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं की हँडबुकातला तो भाग यापुढे फक्त इंग्लंडमधल्या कर्मचाऱ्यांना. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून पट्टीने त्या पानांवर रेघा मारल्या, तारीख घातली. खजूर मात्र वाटले नाहीत. वर्षअखेरीस त्यांचाही करार संपला आणि कुणी वाढवला नाही.

पण मला सांगायचं आहे ते शेवटच्या पेपरच्या दिवसाचं. दुपारी ते म्हणाले, चल, मिस्टर इस्माईलना त्यांच्या फाइलीची एक प्रत पोचवायची आहे. प्रत पोस्टानेही गेली असती. आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर गाडी लावली. इस्माईलभाई आधीच उभे होते. पोरं बाहेर आली, पेपर हवेत फिरवत, तीन भाषांत ओरडत. सानिया आली, बापाच्या हातात पॅड कोंबलं आणि आमच्याकडे बघून हसली. बापाने तिला काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नाही.

त्यांनी गाडीतून उतरून शर्ट नीट केला. "मिस सानिया, पेपर लिहायला आपल्याला पुरेसा वेळ मिळाला का?"

"हो अंकल, सो इझी! फिफ्टीन मिनिट्स आधीच झाला माझा. मग नुसती बसले होते."

त्यांचा चेहरा उतरला. खरोखर उतरला, अपील फेटाळल्याचं पत्र वाचतानाही मी तो तसा बघितला नव्हता.

"पंधरा मिनिटं," ते म्हणाले. "वापरायची होतीस, बेटा."